रिपोर्टातला ताण आणि मनातला ताण

रात्री साडेअकराला मित्राचा फोटो आला. खाली दोनच शब्द, "बघ जरा." लॅबचा रिपोर्ट होता आणि नावाच्या जागी त्याचा अंगठा. रिपोर्ट त्याचाच आहे हे त्यालाही ठाऊक, मलाही ठाऊक, तरी अंगठा. खाली जाड अक्षरांत एक शब्द छापलेला: ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया. पाठोपाठ दुसरा मेसेज, "हा कॅन्सर वगैरे आहे का?"

नाही. शब्द फोडला की त्यातली हवा जाते. ऑलिगो म्हणजे थोडे, अस्थेनो म्हणजे अशक्त, टेराटो म्हणजे बेढब. शुक्राणूंची संख्या कमी, हालचाल मंद आणि आकार बिघडलेला, एवढंच त्या ग्रीक आगगाडीत भरलेलं असतं. हे निदानही नाही, नुसतं वर्णन आहे. "अंगात ताप आहे" म्हटल्यासारखं. ताप कशाने आला, ते यात कुठेच नसतं.

आठवड्याभराने तो डॉक्टरांना भेटून आला तेव्हा कारणही मिळालं होतं. "ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणाले. तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्यात. आईला सांगितलं, कामाचं टेन्शन आहे, म्हणून होत नाहीये."

या शेवटच्या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि चूक त्याची नाही. इंग्रजीत दोन्हींना स्ट्रेस म्हणतात, मराठीत आपण दोन्हींना ताण म्हणतो. एक ताण पेशीतल्या रसायनांचा, दुसरा माणसाच्या मनाचा. पहिल्याला तुमचा बॉस कसा आहे हे माहीत नसतं. दोघांची कुठे गाठ पडते का? पडते, पण ती गाठ लोक समजतात तेवढी घट्ट नाही.

आधी रसायनांचा ताण समजून घेऊ. त्यासाठी स्वयंपाकघरात जावं लागेल.

जवसाची चटणी करून डब्यात ठेवली आणि डबा महिनाभर विसरला, तर उघडल्यावर जो वास येतो, तो आठवा. खवट. तूप मात्र महिनोन्‌महिने टिकतं. कारण जवसाच्या तेलातले स्निग्ध पदार्थ नाजूक असतात. त्यांच्या साखळीत हवेतला ऑक्सिजन घुसू शकेल अशा कमकुवत जागा बऱ्याच असतात. तुपात त्या कमी. शुक्राणूवर जे पातळ आवरण असतं, ते या बाबतीत तुपासारखं नाही, जवसाच्या तेलासारखं आहे. मासळीच्या तेलात जे ओमेगा-३ असतं, त्याच जातीचे स्निग्ध पदार्थ या आवरणात ठासून भरलेले असतात. त्याशिवाय शेपटी सळसळणार कशी? आवरण लवचीक हवं, म्हणून नाजूक हवं. आणि नाजूक आहे, म्हणून खवट होतं.

ही उपमा नाही बरं का. तेल खवट झालं की त्यात मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचं एक रसायन तयार होतं. खाद्यतेलाचा खवटपणा मोजायला हेच रसायन मोजतात, आणि वीर्यातला ऑक्सिडीकरणाचा ताण मोजणाऱ्या संशोधकांनीही वर्षानुवर्षं हेच मोजलं आहे.

हे पसरतं कसं? देवळाबाहेर चपला काढून आत गेलात, बाहेर आलात तर तुमची जोडी गायब. तुम्ही वैतागून शेजारची घालून निघालात. तिचा मालक आला, त्याने तिसऱ्याची घातली. एका चोरीने अख्खी रांग अनवाणी. पेशीत चपलेच्या जागी इलेक्ट्रॉन असतो. ज्याचा एक इलेक्ट्रॉन गेला आहे असा रेणू, म्हणजे फ्री रॅडिकल, शेजाऱ्याचा ओढतो, शेजारी पुढच्याचा. अँटिऑक्सिडंट म्हणजे "जाऊ दे, माझी घ्या" म्हणून अनवाणी घरी जायला तयार असलेला माणूस. व्हिटॅमिन ई नेमकं हेच करतं, आणि व्हिटॅमिन सी त्याला मागाहून चप्पल आणून देतं. चपला चोरणारे जास्त आणि असे भले लोक कमी, अशी अवस्था झाली की तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं.

बाकीच्या पेशींकडे असे भले लोक आपापल्या घरात पुष्कळ असतात. शुक्राणूकडे नसतात, कारण त्याला घरच नाही. तयार होताना तो आपल्या पेशीतला जवळपास सगळा द्रव टाकून देतो. डोक्यात घट्ट गुंडाळलेला डीएनए, मानेखाली ऊर्जा पुरवणारी पन्नास-पाऊणशे मायटोकाँड्रिया, मागे शेपूट. लांब पल्ल्याच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने पिशवी रिकामी करावी तसं. पण टाकून दिलेल्या द्रवातच संरक्षक एन्झाइम्स होती. आता त्याची सगळी भिस्त बाहेरच्या वीर्यद्रवावर. त्यात व्हिटॅमिन सी, युरिक ॲसिड, झिंक, ग्लुटाथिओन अशी बरीच रसद असते, पण तो द्रव तरी त्याच्यासोबत किती वेळ असणार?

ही गोष्ट काही कालपरवाची नाही. १९४३ साली जॉन मॅकलाउड या अमेरिकी संशोधकाने पाहिलं की भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेले शुक्राणू हळूहळू थंडावतात, पण कॅटलेज नावाचं एन्झाइम घातलं तर पळत राहतात. कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइड फोडतं. म्हणजे शुक्राणू स्वतःच तयार करत असलेल्या पेरॉक्साइडने स्वतः मरगळत होते. ज्यावर जगायचं, त्यानेच झिजायचं.

बरं, मग हे रॅडिकल्स म्हणजे नुसता कचरा? तसंही नाही, आणि हा मुद्दा पुढे गोळ्यांच्या वेळी लागणार आहे म्हणून लक्षात ठेवा. स्त्रीच्या शरीरात गेल्यावर शुक्राणूला "पिकावं" लागतं, शेपटीचा वेग बदलावा लागतो, बीजांडाचं कवच भेदावं लागतं. या प्रत्येक टप्प्यावर थोडे रॅडिकल्स लागतातच. तेच इशारा देतात. फोडणीला आच लागते. आच मोठी झाली की मोहरी जळते, आणि गॅस बंदच केला तर तडतडतही नाही.

आच मोठी करणाऱ्या गोष्टी बऱ्याच. वीर्यात पांढऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला, तर त्या शुक्राणूंपेक्षा कितीतरी जास्त रॅडिकल्स सोडतात. अर्धवट घडलेले, जादा द्रव अंगाला चिकटलेले शुक्राणूही तेच करतात. सिगारेट, मधुमेह, लठ्ठपणा, ताप. आणि व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगणं. पायावरच्या शिरा फुगतात ना, तसंच. साधारण १५ टक्के पुरुषांत हे असतं, पण मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत. बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कारण डावीकडची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त उलटं साचतं. रक्त साचलं की उष्णता वाढते. वृषण शरीराच्या बाहेर लोंबकळतात ते उगीच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो.

आवरण खवट झालं तर शुक्राणू पोहायचा थांबतो. पोहोचलाच नाही, तर प्रश्न तिथेच मिटला. डीएनए दुखावला असेल आणि शुक्राणू पोहोचला असेल, तर गोष्ट जास्त गुंतागुंतीची. शुक्राणूत डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा जवळजवळ नसतेच. दुरुस्ती बीजांड करतं, झेपेल तेवढी. बाईचं वय वाढलं की ही क्षमताही उतरते. वारंवार गर्भपात होत असतील तर आता पुरुषाच्या शुक्राणूंचा डीएनएही तपासायला सांगतात, तो याचसाठी. वर्षानुवर्षं त्या प्रश्नाचं उत्तर फक्त बायकोच्या पोटात शोधत होते.

आता मनाकडे वळू.

आपल्या भाषेत "वांझ" आहे, "वांझोटी" आहे. पुरुषासाठी काय आहे? निपुत्रिक, पण तो शब्द माणसाला मूल नाही एवढंच सांगतो, कोणामुळे ते सांगत नाही. राहिला "नामर्द". तो तर सरळ चुकीचा, कारण तो लैंगिक क्षमतेबद्दल बोलतो. शुक्राणू शून्य असलेल्या पुरुषाची लैंगिक क्षमता अगदी ठणठणीत असू शकते, वीर्यही नेहमीसारखंच दिसतं. शुक्राणूंचा त्यातला वाटा अगदी किरकोळ असतो. ज्या गोष्टीला घरात वापरता येईल असा साधा शब्द नाही, ती घरात बोलली कशी जाणार? मग "सूनबाईला एकदा दाखवून आणा" हे वाक्य येतं, आणि सूनबाई गप्प बसून ते अंगावर घेते. नवऱ्याचा रिपोर्ट कपाटात, साड्यांच्या खाली. मी अशी दोन घरं जवळून पाहिली आहेत. दोन्हीकडे बायकोनेच सांगितलं होतं, "माझ्यातच दोष आहे म्हणून सांग, माझं मी बघते." यात तिचं प्रेम होतं, पण त्या प्रेमाखाली तो माणूस आणखी दबला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहांतल्या एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. वंध्यत्व म्हणजे वर्षभर गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही दिवस न राहणं. यातल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. तरी क्लिनिकमध्ये फाईल कोणाच्या नावाची असते? इंजेक्शनं तिची, सोनोग्राफी तिची. तो बाहेर फाईल मांडीवर धरून बसलेला, मोबाईलवर काहीही न वाचता स्क्रोल करत. त्याच्या वाट्याला एक खोली, एक डबी, त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाव आणि वेळ, आणि बाहेर दार वाजवायच्या बेतात असलेला पुढचा माणूस. "झालं का?" असं कोणी विचारत नाही, पण ते ऐकू येतं.

डेन्मार्कमध्ये उपचार घेणाऱ्या पुरुषांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. कारण पुरुषात आहे, स्त्रीत आहे की दोघांत, याने फारसा फरक पडला नाही. उपचारांना यश आलं नाही तसा सगळ्यांचाच मानसिक त्रास वाढत गेला. मला हे निष्कर्ष महत्त्वाचे वाटतात. दोष कोणाचा हा प्रश्न नातेवाइकांना छळतो. जोडप्याला वाट पाहणं छळतं.

म्हणजे वंध्यत्वाकडून मनाकडे जाणारा बाण जाड आहे. उलटा, मनाकडून शुक्राणूंकडे जाणारा बाण किती जाड?

आहे, हे आधी मान्य करू. सततच्या ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, ते मेंदूतून निघणारा प्रजननाचा इशारा दाबतं, टेस्टोस्टेरॉन उतरतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांना रोज काही तास अरुंद नळीत कोंडून ठेवलं तर त्यांच्या वृषणांत मघाचा खवटपणा वाढलेला आणि संरक्षक एन्झाइम्स घटलेली दिसतात. दोन ताणांची गाठ पडते ती इथे. माणसांत? तुर्कस्तानात वैद्यकीय विद्यार्थ्यांचे नमुने परीक्षेच्या धामधुमीत आणि मग परीक्षा संपून तीन महिने झाल्यावर घेतले गेले. परीक्षेच्या वेळी वीर्यातलं ग्लुटाथिओन कमी आणि शुक्राणूंची हालचालही मंद. मुलं काही डझनच होती, पण कल्पना सुंदर आहे. परीक्षेचा ताण कुठल्याही देशात सारखाच लागतो. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला मोठा भूकंप झाला. तिथल्या डॉक्टरांकडे काही पुरुषांचे भूकंपापूर्वीचे रिपोर्ट आधीच होते. भूकंपानंतर, विशेषतः ज्यांची घरं पडली त्यांच्यात, शुक्राणूंची हालचाल घटलेली आढळली.

आता अमेरिकेतला एक अभ्यास, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. १९३ पुरुष. ज्यांना आयुष्य हाताबाहेर गेल्यासारखं वाटत होतं, किंवा ज्यांच्या आयुष्यात वर्षभरात दोन-तीन मोठे आघात झाले होते, त्यांच्या शुक्राणूंची हालचाल आणि आकार थोडा कमी प्रतीचा होता. पण नोकरीतला ताण वेगळा मोजला, तर त्याचा शुक्राणूंच्या गुणवत्तेशी संबंध दिसला नाही. म्हणजे माझ्या मित्राने आईला सांगितलेलं कारण, कामाचं टेन्शन, नेमकं तेच या अभ्यासात टिकलं नाही. (जे बेकार होते, त्यांचे शुक्राणू मात्र नोकरीवाल्यांपेक्षा कमी प्रतीचे निघाले.)

अमेरिकेतलाच आणखी एक, २०१८ सालचा. उपचार घेणाऱ्या जोडप्यांत ज्या पुरुषांना त्या वेळी तीव्र नैराश्य होतं, त्यांच्या घरी पाळणा हलण्याचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आत राहिलं. इतरांत जवळपास २५ टक्के. आकडा वाचून छातीत धस्स होतं. पण तीव्र नैराश्य असलेले पुरुष सोळाशेंपैकी ३४ होते. ३४ माणसांवरून आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. शिवाय नैराश्यात माणूस बायकोजवळ कमी जातो, झोपत नाही, औषधं घेतो, तंबाखू मळतो. यातलं कशाने काय झालं हे कोण वेगळं करणार?

माझ्या मते मधला दुवा बहुतेक घरांत हाच आहे. कॉर्टिसॉल वगैरे ठीक, पण ताणातला माणूस रात्री दोनपर्यंत जागतो, दोनाच्या चार सिगारेटी करतो, चालायला जाणं सोडतो, पोट सुटतं. आणि "अकराव्या, तेराव्या, पंधराव्या दिवशी संबंध ठेवा" अशी चिठ्ठी हातात आली की त्या ठरलेल्या रात्री नेमकं शरीर संप करतं. यात गूढ काही नाही. पेशीतला ताण बहुतेक असल्या सवयींतून वाढतो, मनातली काळजी थेट शुक्राणूवर जाऊन बसते ती कमीच.

म्हणून "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप होईल" हे वाक्य मला सहन होत नाही. ते धीर देण्यासाठी म्हटलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून आरोप ऐकू येतो: होत नाहीये कारण तू टेन्शन घेतोयस. युद्धात, दुष्काळात, छावण्यांत माणसांना मुलं झालेली आहेत. स्त्रियांच्या बाबतीत तर हे नीट तपासलंही आहे. २०११ मध्ये १४ अभ्यासांतल्या साडेतीन हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र केली गेली. उपचारांच्या चक्राआधी त्या किती चिंतेत होत्या याचा दिवस राहण्याशी संबंध आढळला नाही. मनाची काळजी घ्यायलाच हवी, पण ती मनासाठी. शुक्राणू सुधारतील या आमिषाने मन शांत करायला बसलं, तर तेही आणखी एक काम होऊन बसतं, ज्यात नापास होता येतं.

आता गोळ्या. मित्राच्या गोळीच्या पाकिटावर लहान अक्षरांत सतरा घटक होते, मी मोजले. कोएन्झाइम क्यू-१०, एल-कार्निटिन, लायकोपीन, झिंक, सेलेनियम, फॉलिक ॲसिड, बरंच काही. महिन्याचा खर्च त्याच्या दुचाकीच्या हप्त्याएवढा.

तर्क बिनचूक वाटतो: ऑक्सिडीकरण जास्त आहे, अँटिऑक्सिडंट द्या. याला थोडा आधारही आहे. १९९१ च्या एका प्रयोगात काही पुरुषांच्या आहारातलं व्हिटॅमिन सी दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून ५ वर आणलं, तर शुक्राणूंच्या डीएनएवरची ऑक्सिडीकरणाची खूण जवळपास दुप्पट झाली. पण या प्रयोगातून एवढंच कळतं की टंचाई वाईट. भरलेल्या पिंपात आणखी ओतल्याने काय होतं, ते यातून कळत नाही. (एका पेरूत १०० मिलिग्रॅमहून जास्त सी असतं, जाता जाता.)

ओतून पाहिलं, तेव्हा काय झालं? २०२० मध्ये अमेरिकेतले दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांपैकी निम्म्यांना झिंक आणि फॉलिक ॲसिड, निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधी गोळी दिली. मूल झालं ३४ टक्के आणि ३५ टक्के घरांत. फरक शून्य. उलट औषध घेणाऱ्यांत डीएनए तुटण्याचं प्रमाण किंचित जास्त निघालं आणि पोटाच्या तक्रारी वाढल्या. दुसऱ्या, लहान प्रयोगात सी, ई, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपीन यांचं मिश्रण दिलं. सहा महिन्यांच्या प्रयत्नांतून १५ टक्के गोळीवाल्यांकडे आणि २४ टक्के बिनऔषधी गोळीवाल्यांकडे बाळ. एवढ्या लहान प्रयोगात हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण गोळीने फायदा झाला असं काही म्हणता येत नाही. छोट्या-मोठ्या सगळ्या अभ्यासांची बेरीज करणारे कॉक्रेन या संस्थेचे आढावे म्हणतात की थोडा फायदा असेलही, पण पुरावा कच्चा आहे, आणि ढिसाळ अभ्यास बाजूला काढले की तो फायदाही विरून जातो.

इथे मघाची फोडणी आठवा. ज्याच्याकडे आच मोठी नाहीच, त्याचाही गॅस बंद करून ठेवला तर मोहरी तडतडणार कशी? ऑक्सिडीकरणाचा ताण आहे की नाही हे न मोजता सरसकट सगळ्यांना गोळ्या देण्यातली खोट तीच आहे. मोजायच्या चाचण्या आहेत, पण अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना शुक्राणूंच्या डीएनएची चाचणी पहिल्याच फेरीत करू नका, वारंवार गर्भपात असतील तेव्हा करा, असं सांगतात. गोळ्यांच्या उपयोगाबद्दलही त्यांनी शंकाच नोंदवली आहे. गोळ्या विषारी आहेत असं मी म्हणत नाही. पण तीन महिने गोळ्या खात गेलेला वेळ बायकोच्या वयातूनही जात असतो.

आणि त्या तीन महिन्यांत एक गोष्ट राहून जाते: माणसाला तपासणं. १९९२ मध्ये ब्रसेल्समधून इक्सीची बातमी आली. एकच शुक्राणू उचलून सुईने थेट बीजांडात सोडायचा. हजारो घरांत त्याने मुलं दिली, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर "एक मिळाला तरी पुरे" म्हणून शुक्राणू का बिघडले हा प्रश्न विचारायचीच सवय गेली. माझ्या मित्राला दोन ठिकाणी रिपोर्ट बघून औषध दिलं. अंगाला हात कोणी लावला नव्हता. तिसरीकडे, मूत्ररोगतज्ज्ञांनी, उभं राहून जोर करायला सांगितलं, बोटांनी चाचपलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "डावीकडे व्हेरिकोसील आहे." हाताला लागेल एवढं मोठं. शस्त्रक्रियेने असे शुक्राणू सुधारतात आणि रॅडिकल्सही उतरतात असं दिसलेलं आहे. सगळ्यांचे नाही, पण पुष्कळांचे.

त्यांनी आणखी एक विचारलं: जिममध्ये इंजेक्शन वगैरे? नव्हतं. पण हा प्रश्न प्रत्येकाला विचारायला हवा. थकवा, उदासी, "जोम नाही" म्हणून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणारे वाढलेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं कारखान्यात माल भरपूर आहे, आणि तो उत्पादन थांबवतो. शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. मूल हवंय म्हणून मर्दानीपणाचं इंजेक्शन घ्यायचं आणि त्यानेच मूल अडायचं.

रिपोर्टातल्या आकड्यांबद्दलही ते बोलले, आणि मला वाटतं त्या दिवशी मित्राला पहिल्यांदा झोप लागली असेल. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू. ती काढली कशी? वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांचे नमुने घेतले आणि त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांच्या जागी रेघ मारली. म्हणजे त्या रेघेखालीही बाप झालेली माणसं होतीच. शिवाय एकाच माणसाचा आकडा दर खेपेला बदलतो, म्हणून एका नमुन्यावर कोणी निकाल देऊ नये. महिन्या-दीड महिन्यापूर्वी डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर तोही त्यात उमटतो.

"साठवून ठेवा" हा सल्लाही त्यांनी खोडला. चाळीस थेंब रक्ताचं एक थेंब वीर्य, ते जपावं, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की तिच्यापायी होणाऱ्या त्रासाला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये "धात सिंड्रोम" असं नावच दिलं. प्रत्यक्षात साठलेले शुक्राणू नळीत पडून जुने होतात, रॅडिकल्सच्या संगतीत. तपासणीआधी दोन ते सात दिवसांचा खंड पुरे, दहा-पंधरा नको.

आणि मनाचं? २०२१ च्या कायद्याने वंध्यत्व उपचारांच्या क्लिनिकवर जोडप्याचं समुपदेशन करायची जबाबदारी टाकलेली आहे. ते मागून घ्यावं, आणि दोघांनी बसावं, तिनेच नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आहेत. सरकारचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ मराठीतही बोलतो. उदासीवर औषध चालू असेल तर शुक्राणूंच्या धास्तीने परस्पर बंद करू नये, "मूल हवंय" एवढं डॉक्टरांना सांगावं. ते बघून औषध ठरवतात.

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर नळीतून पिकत बाहेर यायला दहा-बारा. आज सिगारेट सोडली तर आजच्या शुक्राणूंना त्याचा उपयोग नाही. ते जुन्या धुरात घडलेत. हिशोब तीन महिन्यांनी लागतो. मित्राने तंबाखू सोडली ती गणपतीच्या आधी, ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने मोजून एका तारखेवर त्याने बॉलपेनने बारीक ठिपका केला, नुसता ठिपका, काही न लिहिता.

आईने विचारलं, "हे काय रे? गॅसची तारीख का?"

तो म्हणाला, "नाही. माझी तपासणी आहे."

"तुझी?"

"माझीच," म्हणाला, आणि मग चहा गार होईपर्यंत दोघं स्वयंपाकघरात बसून होते. काय बोलले ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.